कथा कानाने तपासताना

कथा लिहून झाली की बहुतेकजण ती पुन्हा पुन्हा मनातल्या मनात वाचतात. चार-पाच वाचनांनंतर ती ठीक वाटू लागते. ती ठीक झालेली असतेच असं नाही. आपल्याला ती पाठ झालेली असते. पुढचं वाक्य काय आहे हे आधीच ठाऊक असल्यामुळे डोळा शब्दांवरून घसरत जातो, गळलेला 'ने' किंवा 'ला' मेंदू परस्पर भरून घेतो, आणि तीच गोष्ट दोनदा सांगितली आहे हेही लक्षात येत नाही. तोंडाला ही सवलत नसते. प्रत्येक शब्द उच्चारावा लागतो, कुठेतरी श्वास घ्यावा लागतो, आणि जीभ अडखळली की ती अडखळली हे लपत नाही.

आपलं लिखाण मोठ्याने वाचून पाहा, हा सल्ला लिहिणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. पण ते कसं वाचायचं हे फारसं कुणी सांगत नाही, आणि भलत्या पद्धतीने वाचलं तर वाईट वाक्यंही चांगली वाटायला लागतात. कारण आपला आवाज आपल्याच बाजूचा असतो. वाक्य ढिलं असलं तरी आपण नेमक्या शब्दावर जोर देतो, नेमक्या ठिकाणी थांबतो, प्रसंग करुण असेल तर आवाज खाली आणतो, आणि वाक्य उभं राहतं. छापील पानावर वाचकाला तो आवाज मिळणार नाही. म्हणून या सगळ्या कामाचं मुख्य सूत्र एकच आहे: आवाजाची मदत काढून घ्यायची आणि वाक्य स्वतःच्या बळावर उभं राहतं का ते ऐकायचं.

इथे कथाकथन आणि आपलं काम यांतला फरक आधी समजून घेतलेला बरा. मराठीत कथाकथनाची मोठी परंपरा आहे. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर या तिघांनी गावोगावी केलेले कथाकथनाचे कार्यक्रम आजही लोकांच्या आठवणीत आहेत. पण कथाकथन ही सादरीकरणाची कला आहे. समोरचे श्रोते पाहून सांगणारा वेग बदलतो, एखादं वाक्य गाळतो, हशा ओसरेपर्यंत थांबतो. आपल्याला इथे तसं काही करायचं नाही. आपण सादर करत नाही, तपासतो आहोत.

मसुदा बाजूला ठेवा, मग कागदावर घ्या

कथा संपवल्या संपवल्या वाचायला बसू नका. निदान आठवडाभर ती बाजूला राहू द्या; दिवाळी अंकाची मुदत डोक्यावर असेल तर किमान दोन रात्री तरी मध्ये जाऊ द्या. लिहिताना कानात घुमत असलेली लय अजून ताजी असेल, तर आपण कागदावरचं वाचत नाही, आठवणीतलं म्हणतो.

मग कथा छापून घ्या. अक्षर मोठं, १४ पॉइंटच्या आसपास, दोन ओळींत भरपूर जागा, उजवीकडे रुंद समास, आणि पानाच्या एकाच बाजूला मजकूर. पडद्यावर वाचलं की बोटं शिवशिवतात. वाक्य खटकलं रे खटकलं की आपण तिथेच ते बदलायला लागतो आणि लय ऐकण्याचं काम राहून जातं. छापणं शक्य नसेल तर फाइलची पीडीएफ करून टॅबवर किंवा फोनवर उघडा, म्हणजे मजकुराला हात लावता येणार नाही.

वेळेचा अंदाज हवा. शांतपणे वाचलं तर हजार शब्दांना साधारण आठ ते दहा मिनिटं लागतात. म्हणजे अडीच हजार शब्दांच्या कथेला अर्ध्या तासाच्या आसपास वेळ धरा. त्याहून मोठी कथा एका बैठकीत वाचू नका. घसा टिकतो, कान थकतो, आणि थकलेल्या कानाला सगळंच चालतं. कादंबरी असेल तर एका वेळी एकच प्रकरण.

जागेचा प्रश्न खरा असतो. दोन खोल्यांच्या घरात, पलीकडे टीव्ही चालू असताना, स्वतःची प्रेमकथा खणखणीत आवाजात वाचणं सगळ्यांना जमत नाही. गच्ची, उभी केलेली गाडी, सगळे बाहेर गेलेले असतानाची दुपार, जे मिळेल ते घ्या. काहीच जमत नसेल तर पुटपुटत वाचा. ओठ हलले पाहिजेत आणि प्रत्येक अक्षर तोंडातून गेलं पाहिजे. आवाज मोठाच हवा असा हट्ट नाही. फक्त नुसत्या डोळ्यांनी वाचण्यावर परत घसरू नका.

पहिलं वाचन: सपाट आवाजात, न थांबता

आकाशवाणीवरच्या बातम्या आठवा. तितकं सपाट वाचायचं. पात्रांचे आवाज काढायचे नाहीत, रडणाऱ्या बाईचं वाक्य रडवेल्या सुरात म्हणायचं नाही, रहस्य उलगडताना आवाज दबका करायचा नाही. वेगही नेहमीच्या बोलण्यापेक्षा थोडा कमी.

सुरुवातीला हे अवघड जातं, कारण आपल्याला आपली कथा आवडत असते. पण सपाट वाचताना जे वाक्य तरीही मनाला लागतं, ते खरोखर चांगलं असतं. आणि जे वाक्य सपाट वाचल्याबरोबर मरून पडतं, त्याला आजवर तुमचा आवाज जगवत होता.

या वाचनात पेन्सिल हातात ठेवा, पण दुरुस्ती करू नका. फक्त खुणा करा. माझ्या चार खुणा आहेत: जीभ अडखळली तिथे शब्दाखाली नागमोडी रेघ, श्वास पुरला नाही तिथे उभी रेघ, शब्द किंवा आवाज परत आला तिथे गोल, आणि वाचताना स्वतःचंच लक्ष उडालं तिथे समासात फुली. यांतली फुली सगळ्यात महत्त्वाची. वाचता वाचता संध्याकाळच्या भाजीचा विचार मनात आला असेल, तर वाचकाच्याही मनात तो येणार आहे. लाजू नका, फुली मारा आणि पुढे चला.

खूण केल्यावर मागे जाऊन तेच वाक्य पुन्हा वाचायचं नाही. दुसऱ्या वेळी तोंडाला ते सरावाने जमतं आणि दोष दिसेनासा होतो. वाचक तुमचं वाक्य एकदाच वाचणार आहे.

खुणा कशामुळे झाल्या ते ओळखा

वाचन संपलं की थोडा वेळ जाऊ द्या आणि मग खुणांकडे वळा. इंग्रजी लेखनाच्या पुस्तकांतले सल्ले इथे अर्धवटच उपयोगी पडतात. मराठी वाक्य अडखळतं ते मराठीच्या स्वतःच्या कारणांनी, आणि ती कारणं ओळखता आली की दुरुस्ती निम्मी झालीच.

पहिलं कारण 'च्या'ची माळ. 'मामाच्या वाड्याच्या मागच्या अंगणातल्या विहिरीच्या काठावरच्या पिंपळाखाली ती बसली होती.' लिहिताना हे अगदी व्यवस्थित वाटतं, कारण डोळ्यासमोर सगळं चित्र असतं. तोंडाने म्हणून पाहा: 'च्या' मागून 'च्या' येतो आणि ऐकणाऱ्याला पिंपळापर्यंत पोचायच्या आत मामाचा विसर पडतो. मराठीत विशेषणं आणि षष्ठ्या ('चा-ची-चे'ची रूपं) नामाच्या आधी येतात, त्यामुळे मूळ गोष्ट काय हे शेवटापर्यंत कळत नाही. उपाय म्हणजे माळ तोडायची आणि वस्तू एकेक करून समोर ठेवायच्या: 'मामाचा वाडा मोठा. मागे अंगण, अंगणात विहीर आणि विहिरीच्या काठावर पिंपळ. पिंपळाखाली ती बसली होती.' शब्द फारसे वाढले नाहीत, पण वाचक आता वाड्यातून चालत पिंपळापर्यंत जातो. एका वाक्यात दोन 'च्या' चालतात. तिसरा आला की थांबून बघा.

दुसरं 'ऊन'ची रांग. 'उठून, तोंड धुऊन, चहा पिऊन, डबा घेऊन, चपला घालून तो निघाला.' ही रचना मराठीची ताकद आहे, घाई दाखवायला तर फारच छान. पण ती मुद्दाम वापरलेली असली पाहिजे. पानावर तीन ठिकाणी अशी रांग लागली असेल, तर ती घाई पात्राची नसून लेखकाची आहे. काही क्रिया सरळ गाळा. माणूस कामावर निघाला म्हटल्यावर त्याने तोंड धुतलं असणार हे वाचकाला कळतं.

तिसरं कारण सगळ्यात चिवट. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळात लिहिलेल्या कथेत एकामागून एक वाक्यं 'होता', 'होती', 'होते'वर आपटतात. नायिका असेल तर 'ली'चं यमक जुळत जातं: 'ती उठली, खिडकीपाशी गेली, बाहेर पाहत उभी राहिली आणि हळूच हसली.' डोळ्याला हे यमक दिसत नाही, कानाला ते टोचतं. यावर एकच उतारा नाही, आणि नसावा. कधी कर्ता बदलून बघा: 'ती उठून खिडकीपाशी गेली. बाहेर पाहता पाहता तिला हसू आलं.' कधी क्रियापदच काढून टाका: 'रस्त्यावर चिटपाखरू नाही.' नेहमीची सवय सांगायची असेल तर 'यायची, बसायची' हा रीतिभूतकाळ आहे. एखाद्या प्रसंगापुरता वर्तमानकाळही चालतो, मात्र तो का आणला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. आणि बोलताना आपण क्रियापद पुढे घेतोच की: 'आला शेवटी.' 'दिसत नव्हतं काहीच.' निवेदनातही ही उलटापालट शोभते, पण जिथे खरोखर ठसका हवा तिथेच. पानावर दोनाहून जास्त वेळा केली की ती लकब होऊन बसते.

चौथं: 'ती', 'त्याने', 'तिच्या' नेमकं कुणाबद्दल? एका खोलीत दोन बायका असल्या की सर्वनामं गोंधळ घालतात. लेखकाच्या मनात सगळं स्पष्ट असल्यामुळे मूक वाचनात हे कधीच सापडत नाही. याचाच एक भाऊबंद म्हणजे भलत्याला चिकटलेला शब्द. 'तिने हसत आलेल्या पाहुण्याला पाणी दिलं.' हसत कोण होतं? वाचताना 'तिने' नंतर थांबलात तर पाहुणा हसतो, 'हसत' नंतर थांबलात तर ती हसते. तुमचा आवाज योग्य ठिकाणी थांबेल, वाचकाचा थांबेल याची खात्री नाही. वाक्य फिरवा: 'पाहुणा हसतच आत आला. तिने त्याला पाणी दिलं.'

पाचवं कारण कागदी मराठी. 'दार उघडलं गेलं', 'त्याच्याद्वारे सांगण्यात आलं', 'खोलीत एक विचित्र शांतता पसरलेली असल्याचं त्याला जाणवलं'. अशी वाक्यं सरकारी पत्रांतून, वर्तमानपत्रांतून आणि घाईच्या भाषांतरांतून आपल्या लेखणीत शिरतात. तोंडाने म्हटलं की लगेच कळतं की आपल्या ओळखीचं कुणीही असं बोलत नाही. दार कुणी उघडलं ते सांगा. शांतता जाणवली असं न सांगता, आतापर्यंत ऐकू न येणारा कोणता आवाज आता ऐकू आला ते सांगा.

याखेरीज निव्वळ जिभेची अडचण असते. 'चार'मधला च आणि 'चारा'मधला च वेगळे. ज आणि झ यांचंही तसंच. हे उच्चार एका वाक्यात गर्दीने आले की जीभ घसरते. जोडाक्षरांनी भरलेले संस्कृत शब्द तीन-चार एका रांगेत आले तरी तेच होतं. एक शब्द बदलला की काम होतं, यात फार वेळ घालवू नका.

गोल केलेल्या शब्दांकडे मात्र नीट बघा. प्रत्येकाचे काही लाडके शब्द असतात: अचानक, जणू, क्षणभर, हळूच, मात्र, नकळत. एका पानावर 'क्षणभर' तीनदा आलं की ते क्षण खोटे वाटू लागतात. आपले चार-पाच शब्द ओळखून त्यांची यादी टेबलासमोर लावा. पुढच्या कथेतही तेच येणार आहेत.

एक उतारा घेऊन बघू

वरचं सगळं एकत्र कसं दिसतं ते पाहण्यासाठी एक छोटा उतारा घेते. पहिला मसुदा असा:

'रात्री उशिरा आलेल्या एसटीतून उतरून, पिशवी खांद्याला अडकवून, स्टँडच्या मागच्या बाजूच्या चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून सुमनने मोबाइल काढला. मोबाइलची बॅटरी संपली होती. टपरीवाला भांडी घासत होता. स्टँडवर कोणीही नव्हते. भावाने तिला घ्यायला यायचे कबूल केले होते. तो आला नव्हता. तिला राग आला होता, पण तिला भीतीही वाटत होती.'

सपाट आवाजात वाचा. पहिल्या वाक्यात तीन 'ऊन' आणि पाच 'च्या', श्वास टपरीपर्यंत पुरत नाही. मग सलग वाक्यं 'होती, होता, नव्हते, होते, नव्हता'वर संपतात. प्रत्येक वाक्याची लांबीही जवळपास सारखी, त्यामुळे घड्याळाच्या ठोक्यासारखं काहीतरी ऐकू येतं. आणि शेवटच्या वाक्यावर समासात फुली पडते. राग आणि भीती या दोन्ही बातम्या दिल्या गेल्या, पण ऐकताना दोन्हींपैकी काहीच वाटत नाही. आता दुसरा मसुदा:

'एसटी रात्री उशिरा आली. सुमन उतरली, पिशवी खांद्याला अडकवली आणि स्टँडमागच्या टपरीवर जाऊन बसली. मोबाइल बंद. टपरीवाला भांडी घासत होता. त्याच्याशिवाय स्टँडवर कुणी नाही. भाऊ न्यायला येतो म्हणाला होता. सुमनने टपरीवाल्याच्या हातातल्या पातेल्याकडे पाहिलं. शेवटचंच दिसत होतं ते.'

पहिल्या दोन वाक्यांत 'ली' चारदा आला आहे, तो मी ठेवला. सुमनच्या हालचाली लागोपाठ आणि यांत्रिक आहेत, तिथे तो आवाज चालतो. 'मोबाइल बंद' या दोन शब्दांनी तो तुटतो आणि पुढे परत येत नाही. भाऊ आला नाही हे वेगळं सांगावं लागलं नाही. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा बदल शेवटचा आहे. फुली पडलेल्या वाक्याची लय सुधारत बसले असते तर 'राग आणि भीती एकदमच दाटून आली' असं काहीतरी गुळगुळीत वाक्य मिळालं असतं. ऐकताना लक्ष उडालं याचा अर्थ तिथे लयीचा दोष नव्हता, आशयच नव्हता. भांडी घासून झाली की टपरीवालाही निघून जाणार, आणि मग सुमन एकटी: भीती तिथे आहे. कान तुम्हाला दोष कुठे आहे ते सांगतो. तो कसला आहे हे शोधायला डोकंच लागतं.

संवाद वेगळे वाचा

दुसऱ्या फेरीत निवेदन सोडून फक्त संवाद वाचा, 'तो म्हणाला', 'तिने विचारलं' हे सगळं गाळून. कोण बोलतंय हे नुसत्या बोलण्यावरून कळतं का? दोन्ही पात्रं तुमच्याच आवाजात बोलत असतील तर ते इथे उघड होतं.

असा संवाद फार वेळा दिसतो:

'अहो, तुम्ही आज बँकेत जाऊन आपल्या कर्जाच्या हप्त्याबद्दल चौकशी केली का?'
'नाही, मला आज वेळ मिळाला नाही, कारण साहेबांनी मला उशिरापर्यंत थांबवून ठेवले होते.'

नवरा-बायको एकमेकांना ठाऊक असलेली माहिती एकमेकांना देत आहेत, कारण लेखकाला ती वाचकाला द्यायची आहे. मोठ्याने वाचताना हे इतकं अवघडल्यासारखं होतं की आपोआप हसू येतं. घरात हे असं होईल:

'गेला होतात बँकेत?'
'साहेबांनी सोडलंच नाही.'
'म्हणजे नाही.'
'अगं, उद्या जातो ना.'
'हप्त्याची तारीख उद्याच आहे.'

कर्ज आहे, ते थकत आलं आहे, आणि हे बोलणं पहिल्यांदा होत नाही, हे सगळं आलं. 'कारण' हा शब्द भांडणात कुणी वापरत नाही.

संवाद वाचताना आणखी दोन गोष्टींकडे कान द्या. एक, हाक आणि आदर. तू, तुम्ही, आपण; अगं, अरे, अहो; वाक्याच्या शेवटचे गं, रे, हो. सासऱ्यांना 'तुम्ही' म्हणणारी सून तीन पानांनी 'तू' म्हणाली तर ती मोठी घटना आहे, आणि ती चुकून घडलेली असू नये. दोन, बोली. पात्र 'मले-तुले' म्हणत असेल किंवा 'माका-तुका', तर ती बोली तुमच्या तोंडात बसलेली हवी. नसेल तर त्या भागातल्या माणसाकडून ते संवाद मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे न कळत तुमचा शब्द बदलून वाचेल, तिथे त्याचा शब्द बरोबर आहे.

'केले' की 'केलं' हा प्रश्नही वाचतानाच सुटतो. १९६२ साली शासनाने मान्य केलेल्या आणि १९७२ साली चारची भर पडून अठरा झालेल्या लेखननियमांनी पात्रांच्या बोलण्यात 'असं केलं, मी म्हटलं' अशा अनुस्वाराच्या रूपांना मोकळीक दिलेली आहे. निवेदनाचं तुम्ही ठरवा. निवेदन 'मी'च्या तोंडी असेल तर 'केलं' सहज बसतं, दुरून सांगणाऱ्या निवेदकाला 'केले'चा भारदस्तपणा शोभतो. मात्र तुम्ही 'केले' लिहिलंय आणि तोंडातून दरवेळी 'केलं' येतंय, असं पानोपानी होत असेल तर निवेदकाचा आवाज तुम्ही लिहिलाय त्यापेक्षा जवळचा आहे. त्या दिशेने एकदा विचार करा.

चिन्हं जशी आहेत तशी वाचा

हा छोटा पण परिणामकारक प्रयोग आहे. तीन टिंबं दिसली की तिथे मनात दोन आकडे मोजून थांबा. उद्गारचिन्ह दिसलं की खरंच आवाज चढवा. (सपाट वाचण्याच्या नियमाला हा एवढाच अपवाद.) एका पानातच लक्षात येईल की निम्म्याहून जास्त टिंबं उगाच आहेत आणि पात्रं कारण नसताना ओरडत आहेत. स्वल्पविरामाचंही तेच: जिथे तो आहे तिथे थांबा, नाही तिथे थांबू नका. थांबावंसं वाटलं तिथे तो घाला, आणि थांबणं खटकलं तिथला काढा. व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा हे लवकर शिकवतं.

फोनची मदत

दुरुस्त्या करून झाल्या की कथा फोनवर ध्वनिमुद्रित करा. साधा रेकॉर्डर पुरतो. दुसऱ्या दिवशी ऐका, आणि पहिल्यांदा ऐकताना समोर कागद ठेवू नका. चालताना, स्वयंपाक करताना ऐकलं तर उत्तम; तिथे लक्ष टिकलं तर कथेत खरोखर काहीतरी आहे. वेग कुठे मंदावतो, कोणता प्रसंग लांबला, शेवट घाईत उरकला का, हे वाचताना कळत नाही, ऐकताना कळतं.

यंत्राकडूनही वाचून घ्या. मायक्रोसॉफ्ट एज ब्राउझरमध्ये मजकूर उघडून कंट्रोल-शिफ्ट-यू दाबलं की तो वाचून दाखवतो, आणि त्यात आरोही व मनोहर असे दोन मराठी आवाज आहेत. अँड्रॉइड फोनवर गूगलच्या वाचनसुविधेतही मराठी आहे. मजकूर युनिकोडमध्ये हवा; श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला असेल तर आधी तो बदलून घ्यावा लागेल. यंत्राला भावना समजत नाहीत, आणि आपल्याला इथे तेच हवं आहे. गळलेला प्रत्यय, दोनदा पडलेला शब्द, 'आणि'च्या जागी 'आण' हे सगळं ते निर्विकारपणे वाचतं आणि आपण दचकतो. वाक्याच्या लयीबद्दल मात्र त्याच्या आवाजावर भरवसा ठेवू नका; चांगल्या वाक्यालाही ते चुकीच्या ठिकाणी तोडतं.

दुसऱ्याच्या तोंडून

सगळ्यात कठीण आणि सगळ्यात मोलाची फेरी ही. ज्याने कथा वाचलेली नाही अशा माणसाला ती द्या आणि तुमच्यासमोर मोठ्याने वाचायला सांगा. तो लेखक नसलेला बरा. पूर्ण कथा नको, दोन पानं पुरतात: सुरुवातीचं एक आणि तुम्हाला ज्याबद्दल शंका आहे ते एक.

तुमच्या हातात तुमची प्रत. तो अडखळला की खूण करा. त्याने चुकीच्या शब्दावर जोर दिला, विनोदी वाक्य गंभीरपणे वाचलं, प्रश्न विधानासारखा वाचला, तर खूण करा. मध्ये बोलू नका. 'अहो, तिथे जरा थांबायचं आहे' असं सांगायचा मोह फार होतो, पण वाचकाच्या शेजारी तुम्ही बसलेले नसणार. त्याने वाक्य चुकीचं वाचलं याचा अर्थ वाक्याने तशी मुभा दिली होती.

वाचून झाल्यावर 'कशी वाटली?' विचारू नका. माणसं भिडेखातर चांगलीच म्हणतात. त्याऐवजी विचारा: कुठे परत मागे जाऊन वाचावंसं वाटलं? कोण बोलतंय हे कुठे कळेना? बाकीची उत्तरं त्याच्या जिभेने दिलेली आहेतच.

काय तसंच ठेवायचं

हे सगळं मन लावून केलं की एक धोका संभवतो: कथा गुळगुळीत होते. सगळी वाक्यं मधाळ, सगळे श्वास जागच्या जागी, आणि कुठेच काही बोचत नाही. प्रत्येक अडखळणं हा दोष नसतो. घाबरलेल्या माणसाचं मनोगत धापा टाकणारच. एखाद्या म्हाताऱ्याचं बोलणं तीन वळणं घेऊन मुद्द्यावर येतं, आणि त्याचं मोठेपण त्या वळणांतच असतं. मृत्यूची बातमी देणारं वाक्य जिभेवर जड पडलं तर पडू द्या. खूण केलेल्या प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचारा: वाचणारा इथे अडखळला तर ते कथेच्या कामाचं आहे का? उत्तर हो असेल तर ती खूण खोडून वाक्याला हात लावू नका.

काही मजकूर डोळ्यासाठीच असतो. कथेत पत्र, हिशेबाची वही, दुकानाची पाटी असेल तर ती तोंडाला कोरडी लागणारच.

दुरुस्त केलेलं वाक्य एकटं वाचून पाहू नका. आधीच्या परिच्छेदापासून सुरुवात करा आणि पुढचा परिच्छेद संपेपर्यंत वाचा. एका वाक्याची लांबी बदलली की शेजारच्या वाक्यांचा तोल जातो, आणि इथे काढलेला 'होता' तिथे पुन्हा उगवतो. हे करता करता एक वेळ अशी येते की मागच्या फेरीत काढलेला शब्द तुम्ही या फेरीत परत घालता आणि पुढच्या फेरीत तोच पुन्हा काढता. तिथे पेन्सिल खाली ठेवा आणि कथा पाठवून द्या.